बेतीव झडप

त्या काळात कोल्हापुरात कुठली वस्तू अवेळी मोडत नसे, आणि वेळ झाल्यावर टिकतही नसे.

वसतिगृहातल्या मुलीने खाट घेतली तर तिचं शिक्षण संपेपर्यंत ती कुरकुरायचीसुद्धा नाही. निकाल लागला की महिन्याभरात तिचे पाय लटपटायला लागायचे. बदली होऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याची कपाटं सामान बांधायच्या सुमारालाच खिळखिळी व्हायची. लोकांच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की मोडकी वस्तू हातात घेऊन कुणी हळहळत नसे. 'हिचा बेत संपला' म्हणायचं आणि कोपऱ्यावरच्या परतपेटीत टाकून यायचं. तिथून ती शिरोलीच्या कारखान्यात जायची, वितळायची आणि दुसऱ्या कुणासाठी दुसरंच काहीतरी होऊन बाहेर पडायची.

बेत हे त्या यंत्रणेचंच नाव होतं. शिंपी अंगाचं माप घेऊन कापड बेततो, तशी ही यंत्रणा आयुष्याचं माप घेऊन वस्तू बेतायची. नाव सुचवलं होतं शरयू इंगवलेने. शिरोलीच्या प्रयोगशाळेत ज्या चार-पाच जणांनी बेत उभा केला त्यांच्यातली ती एक, आणि लोकांना समजेल असं बोलणारी बहुधा एकटीच.

तिला कुणी विचारलं की ती आधी जुन्या इंजिनिअरांची गोष्ट सांगायची. उद्या काय होईल हे त्यांना ठाऊक नसायचं, म्हणून ते प्रत्येक वस्तूत सढळ हाताने धातू घालायचे. चौघं बसणार असले तरी बाक दहा जणांचं ओझं पेलेल असा करायचे. अशाने पृथ्वीच्या पोटातलं कितीतरी लोखंड, तांबं आणि निकेल मेलेल्या माणसांच्या घरांत, धडधाकट पण निरुपयोगी वस्तू होऊन पडून राहिलं. मग टंचाईची वर्षं आली. मोडलेल्या हाडाला लावायच्या पट्ट्यासुद्धा दवाखान्यांत मिळेनाशा झाल्या. तेव्हा शरयू आणि तिच्या सोबत्यांनी अंकजुळी कामाला लावली.

अंकजुळं म्हणजे संगणकात वाढणारं, नुसत्या आकड्यांचं बनलेलं जुळं भावंड. एखादा दांडा घडवायचा असला तर आधी त्याचं अंकजुळं तयार व्हायचं. ते हजारो वेळा वापरलं जायचं, झिजायचं, मोडायचं. खरा दांडा त्यानंतर, हवा तेवढाच जाड, धातूच्या भुकटीवर प्रकाशाची सुई फिरवून थरावर थर चढवत घडायचा. पण वस्तू किती झिजेल हे ती कोण वापरणार यावर असतं. म्हणून माणसांचीही अंकजुळी करावी लागली. वय, वजन, रक्त, चालण्याची ढब, बालपण कुठल्या हवेत गेलं, आईबाप कशाने गेले, सगळं त्यात असायचं. आणि माणसाचं अंकजुळं पुढे पुढे चालवत नेलं की कुठेतरी ते थांबायचंच. ते कुठे थांबतं हे कुणालाही, खुद्द त्या माणसालाही, दाखवायचं नाही असा कायदा होता. यंत्राने जाणायचं आणि मुकाट्याने वस्तू करायची.

"म्हणजे मी कधी मरणार ते तुमच्या पातेल्याला माहीत असतं," शरयूची धाकटी बहीण वारणा एकदा म्हणाली होती, आणि वर हसलीही होती.

"नुसता अंदाज असतो गं," शरयू म्हणाली. "आणि पातेलं तुझ्या आधीच जातं. तू ते करपवतेस, हेही त्याला माहीत असतं."

वारणा बस चालवायची. सपाटीवर गाड्या आपल्या आपण धावत असल्या तरी घाटात स्टेअरिंगवर माणूसच हवा असा नियम अजून होता, आणि कोल्हापूरहून गगनबावड्यामार्गे करूळचा घाट उतरून वैभववाडीला जाणारी बस बरीच वर्षं तिच्या हाती होती. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. दोघी बहिणी शिरोलीच्या ओतशाळांमागच्या वस्तीत वाढल्या. आई लवकर गेली. वारणाची वेणी घालण्यापासून तिचं शाळेत नाव घालण्यापर्यंत सगळं शरयूने केलं. लहानपणी वारणाचा घसा सारखा धरायचा. एकदा तापात तिचे सगळे सांधे सुजले, आणि त्या दुखण्याने जाता जाता तिच्या हृदयाची डावीकडची झडप खराब करून ठेवली. हे कळलं मात्र फार पुढे, चाळिशीच्या तोंडावर, स्वतःच्याच बसच्या पायऱ्या चढताना तिला धाप लागायला लागली तेव्हा.

हृदयाची झडप म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. वारणाचं ते दार धड उघडत नव्हतं आणि धड मिटतही नव्हतं. डॉक्टर नसीम मुजावर यांनी तपासून सांगितलं की झडप बदलावी लागेल. त्या शरयूच्या जुन्या मैत्रीण. बेतीव झडपा माणसांत बसवायला पहिल्यांदा सुरुवात केली ती त्यांनीच. वारणाचा नवरा मल्हार राजारामपुरीत बेकरी चालवायचा. अबोल माणूस. त्याने एवढंच विचारलं की यानंतर मूल दत्तक घ्यायला हरकत नाही ना. मुजावर म्हणाल्या, मुळीच नाही.

झडप शिरोलीतच घडली, आणि ती घडताना पाहायला शरयू मुद्दाम कारखान्यात गेली. आपण आयुष्यभर जे उभं केलं ते आज आपल्या माणसाच्या कामी येतंय, याचं तिला अप्रूप होतं. झडप तयार झाली, थंड झाली, तपासणीच्या टेबलावर आली. अंगठीएवढं कडं आणि त्यात उघडमीट करणारी दोन इवली पाती. शरयूने चिमट्याने ती उचलली, आणि तिचा हात थबकला.

चाळिशीच्या बायकांसाठी घडलेल्या झडपा तिने शेकड्यांनी पाहिल्या होत्या. त्यांची पाती हिच्या पात्यांच्या तिप्पट जाड असायची. अशी पातळ पाती तिने पाहिली होती ती म्हाताऱ्या माणसांच्या झडपांत. तिने माप घेतलं, दुसऱ्या यंत्रावर पुन्हा घेतलं. नऊ वर्षं. फार ओढून ताणून दहा. तिने कुणाचाही अंदाज उघडून पाहिला नव्हता, कायदा कुठेच मोडला नव्हता. नुसत्या जाडीवरून, ज्याला वाचता येतं त्याला, सगळं वाचता येत होतं. तिला वाचता येत होतं.

ती तशीच मुजावरांकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी शरयूला वारणाच्या हृदयाची चित्रं दाखवली. इतकी वर्षं बिघडलेल्या झडपेशी झगडून ते हृदय थकलं होतं, पसरलं होतं. पातळ पाती हलकी असतात, जराशा धक्क्याने उघडतात. थकल्या हृदयाला तीच सोसतात.

"जाड पाती दिवसाला लाखभर वेळा ढकलायची," त्या म्हणाल्या, "हे तिला झेपेल असं मला वाटत नाही. आणि बेताचा अंदाज कधी फारसा चुकलाय का? तूच सांग."

चुकला नव्हता. पहिल्या वर्षी शंभरात ऐंशी अंदाज बरोबर आले होते, पुढे दर वर्षी त्यांत भरच पडत गेली, आणि आता शंभरातले सत्त्याण्णव खरे ठरत होते. परदेशातल्या सभांमध्ये शरयूने ही चढती रेघ पडद्यावर दाखवून टाळ्या घेतल्या होत्या. जास्तीची जाडी मागण्याचा अधिकार तिला होता. ती मागायची तर बेतावर आपला विश्वास नाही असं म्हणावं लागलं असतं, आणि तिचा विश्वास होता. शिवाय जाड झडपेने वारणा शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षातच गेली तर? हा विचार तिच्या मनात एकदा शिरला तो बाहेर पडेना.

तिने काही मागितलं नाही. वारणाला काही सांगितलं नाही. पातळ झडप वारणाच्या हृदयात बसली.

वारणा बरी झाली. नुसती बरी नाही, वर्षभरात तिच्या गालांवर रंग चढला, तिने दोन मजले न थांबता चढून दाखवले आणि हट्टाने बस पुन्हा हातात घेतली. त्याच्या पुढच्या वर्षी तिने आणि मल्हारने मैनाला घरी आणलं, काही महिन्यांची, सतत मुठी चोखणारी मुलगी. नाव ठेवायला मावशीच हवी म्हणून शरयूला बोलावलं. तिने मुलीच्या कानात नाव सांगितलं, आणि सांगताना मनात हिशेब केला की झडपेची वर्षं संपतील तेव्हा ही शाळेत दुसरी-तिसरीत असेल. त्या हिशेबाची तिला स्वतःचीच किळस आली.

त्यानंतरची वर्षं शरयूने वारणाला धरून काढली. बंगळुरूच्या मोठ्या संस्थेचं बोलावणं आलं, ते तिने नाकारलं. दर रविवारी ती बहिणीकडे जेवायला जायची. वारणाला आवडतं म्हणून खरवस न्यायची, उगाच साडी न्यायची. वारणा म्हणायची की ताईला म्हातारपणी प्रेमाचं भरतं आलंय. मल्हार कधी कधी शरयूकडे जरा जास्तच वेळ पाहत राहायचा.

मुजावर दर वर्षी वारणाची तपासणी करायच्या. पाती झिजत होती, ठरल्याप्रमाणे. चकित करणारी गोष्ट दुसरीच होती. हृदय सुधारत होतं. पसरलेलं आकसलं, थकलेलं पुन्हा जोमाने ठोके द्यायला लागलं. शरयूच्या मनात आशा धुगधुगायची. मग ती प्रयोगशाळेत जायची, वारणाच्या अंकजुळ्यात नव्या तपासणीचे आकडे भरायची आणि जे पाहायला कायद्याने मनाई होती ते आता उघड उघड पाहायची. अंकजुळं दर वेळी त्याच सुमाराला थांबायचं. हृदय सुधारलं तरी उत्तर बदलत नाही, म्हणजे शरीरात आणखी काहीतरी खोल बिघडलेलं असणार, जे आपल्याला दिसत नाही आणि बेताला दिसतंय, अशी ती स्वतःची समजूत घालायची. असं तिने वर्षानुवर्षं केलं. ज्या बाईने हे यंत्र बनवलं तिला हे कसं उमगलं नाही, असं पुढे लोकांनी विचारलं. दुःखाची तयारी करण्यात ती इतकी गुंतली होती की प्रश्न विचारायचा राहूनच गेला.

तो प्रश्न तिला नवव्या वर्षाच्या शेवटी सुचला, तोही सहज. तपासणीचे आकडे भरताना तिच्या लक्षात आलं की वारणाच्या अंकजुळ्याच्या छातीतही तीच झडप आहे. असणारच; अंकजुळं म्हणजे हुबेहूब प्रत. तिने ती झडप काढली आणि तिच्या जागी जाड पात्यांची झडप घातली. बाकी कशालाही हात लावला नाही. मग अंकजुळं चालू केलं.

ते थांबेना. पन्नाशी गेली, साठी गेली, सत्तरी गेली. ऐंशीच्या पलीकडे कुठेतरी, म्हातारपणाच्या साध्या न्युमोनियाने ते थांबलं.

शरयूने नऊ वर्षांपूर्वीचं अंकजुळं बाहेर काढलं, थकलेल्या हृदयाचं, शस्त्रक्रियेच्या आधीचं. त्यातही जाड झडप घातली. पहिलं वर्ष कठीण गेलं, हृदय धडपडलं, मग त्याला सवय झाली, आणि तेही ऐंशीच्या आसपास पोचलं.

मग तिने इतरांची अंकजुळी उघडली, आणि अंग बधिर होईपर्यंत उघडत राहिली. बेताने पहिल्या वर्षांत ज्यांच्यावरून शिकायला सुरुवात केली ती जुनी माणसं होती. ओतशाळेच्या धुरात वाढलेली, वेळेवर औषध न मिळालेली, म्हणून लवकर गेलेली. त्यांच्यावरून बेताने ठरवलं की अशा वस्तीतली, असा ताप येऊन गेलेली माणसं लवकर जातात. म्हणून त्यांना कमी आयुष्याच्या वस्तू दिल्या. वस्तू ठरल्या वेळी संपल्या आणि त्यांच्याबरोबर माणसंही गेली. बेताने पाहिलं की अंदाज बरोबर निघाला, आणि पुढच्या माणसाला आणखी ठामपणे तेवढंच आयुष्य मापलं. पडद्यावरची ती चढती रेघ चढत होती ती अशी. हा माणूस किती जगेल, एवढंच बेताला विचारायला शिकवलं होतं. आपण नीट वस्तू दिली तर किती जगेल, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शरयू वारणाच्या बसमध्ये जाऊन बसली. गगनबावड्याला बस थांबते, प्रवासी चहा पितात, मग घाट उतरायचा असतो. वारणा बसच्या सावलीत उभी राहून चहा पीत होती. शरयूने तिला आधी गाडी दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्यायला सांगितलं. वारणाने कारण विचारलं. मग शरयूने सगळं सांगितलं, सोपं करून, नेहमी लोकांना सांगायची तसं.

वारणाचा चहा हातातच निवला. तिने विचारलं, "तुला कधीपासून माहितीये?"

"बसवायच्या आधीपासून."

वारणाने मान हलवली. रिकामा न झालेला पेला तिने खिडकीच्या कडेवर ठेवला. दुसरा चालक यायला दोन तास लागतील, असं म्हणाली. बसमध्ये एक बाळंतीण होती, वैभववाडीच्या बाजाराची माणसं होती. "उतरवते मी गाडी. हळू उतरवते. तू माझ्या मागं बस."

करूळचा घाट ती इतक्या सावकाश कधीच उतरली नव्हती. मागच्या सीटवरून शरयूला तिची मान दिसत होती, वळणावर स्टेअरिंग फिरवणारे हात दिसत होते. दरीतून ढग वर येत होते. बसमध्ये कुणीतरी मोबाइलवर भजन लावलं होतं. खाली वैभववाडीच्या स्टँडवर सगळे उतरून गेल्यावर वारणाने इंजिन बंद केलं आणि मागे न वळता बोलली.

"तू तेव्हा सांगितलं असतंस तर मी मैनाला आणलं नसतं. म्हणजे तू बरं केलंस का वाईट, ते मला ठरवता येईना, ताई." मग ती म्हणाली, "मल्हारला मी सांगते. तू नको सांगूस. तुझ्या तोंडून ऐकलं तर तो तुझं तोंड पाहणार नाही."

शरयूने त्याच आठवड्यात नवी झडप घडवून घेतली, जाड पात्यांची. जास्तीच्या जाडीचं कारण यंत्राने विचारलं तेव्हा तिने 'बहीण' एवढंच सांगितलं. मुजावरांनी शस्त्रक्रियेचा दिवस ठरवला. त्यांचाही चेहरा उतरला होता. अशा किती जणांना आपण पातळ झडपा बसवल्या, हे त्या मोजत असाव्यात. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या वारणा रोज घेत होती, त्या बंद केल्याशिवाय छाती उघडता येत नव्हती. चार-पाच दिवस थांबणं भाग होतं. ते दिवस वारणाने घरी काढले. तिने मैनाला करंज्या करायला शिकवल्या. मल्हारला बेकरीत जाऊ दिलं नाही.

दवाखान्यात दाखल व्हायच्या दिवशी सकाळी ती मैनाला आंघोळीला पाणी काढून देत होती. एक पातं तुटलं. दार सताड उघडं राहिलं, रक्त उलटं फुप्फुसांत शिरलं, आणि मल्हारने तिला उचलून गाडीत घालेपर्यंत सगळं संपलं होतं. दवाखान्यात मुजावर दारातच उभ्या होत्या. नवी झडप आत निर्जंतुक डबीत तयार होती.

नंतर त्यांनी शरयूला बाजूला नेऊन एवढंच सांगितलं की हृदय ठणठणीत होतं.

बेताने त्या मृत्यूची नोंद केली. अंदाज बरोबर.

शरयू त्या दोन शब्दांवर अडून बसली. हा अंदाज चुकीचा धरावा, म्हणजे बेत त्यावरून शिकणार नाही. आणि हा एकच नाही, असे हजारो, असं तिने बेतावर देखरेख करणाऱ्या समितीपुढे मांडलं. समितीत तिचेच जुने सोबती होते. त्यांनी सहानुभूतीने ऐकलं. बेतामुळे टंचाई संपली, लाखो माणसांना पट्ट्या आणि झडपा मिळाल्या, नाहीतर काहीच मिळालं नसतं, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तिने जाड झडपेचं अंकजुळं चालवून दाखवलं. अध्यक्षांनी ते शेवटपर्यंत पाहिलं.

"शरयूताई, अंकजुळं ऐंशीपर्यंत जगतं हे मान्य," ते म्हणाले. "पण ती नुसती आकडेमोड झाली. जी माणसं खरोखर गेली ती अंदाजाप्रमाणेच गेली. ती आणखी जगली असती याचा एक तरी खरा पुरावा तुमच्याकडे आहे का?"

न जगलेल्या वर्षांचा पुरावा कुठून आणणार? जी एक बाई छातीत जाड झडप घेऊन म्हातारी झाली असती, ती आता नव्हती. शरयूने राजीनामा दिला आणि जे समितीला सांगितलं तेच बाहेर लोकांना सांगितलं, नेहमीच्या तिच्या सोप्या भाषेत.

लोकांना ते चटकन समजलं. मात्र जे समजलं ते तिला हवं होतं तेवढंच नव्हतं. अंदाज चुकू शकतो, वस्तू नीट करून मागा, असं तिला सांगायचं होतं. लोकांनी ऐकलं ते असं की आपलं मरण वस्तूच्या वजनात लिहिलेलं असतं. महाद्वार रोडवरच्या दुकानांत माणसं चपला, बादल्या, तवे उचलून तोलून पाहायला लागली. तराजू घेऊन यायला लागली. नवऱ्याच्या डब्यापेक्षा आपला डबा वजनात हलका भरला म्हणून एक बाई दुकानातच बसकण मारून रडली, आणि तो डबा मुळात अर्ध्या पोळीने लहान होता हे तिला कुणीही पटवू शकलं नाही. जुन्या बाजारात बेताआधीच्या गंजक्या, अवजड वस्तूंना मागणी आली. माणसं लोखंड घरात साठवू लागली. परतपेट्या रिकाम्या राहायला लागल्या, आणि दवाखान्यांत हाडाच्या पट्ट्यांसाठी पुन्हा रांगा लागल्या. शरयू त्या रांगांवरून जाताना मान खाली घालायची.

मल्हारने तिचं तोंड पाहायचं सोडलं नाही. वारणाने काय सांगून ठेवलं होतं कोण जाणे, पण रविवारचं जेवण चालू राहिलं. तो पानात वाढायचा, ती जेवायची, मैना दोघांच्या मधे बसून शाळेतलं सांगायची.

मैनाला नववं लागलं तेव्हा तिने सायकल मागितली. शरयूने ती शिरोलीहून मागवली. मल्हारने ती दारातच एका हाताने उचलली आणि उचललेलीच धरून राहिला.

"ताई, हलकी आहे."

शरयूने सांगितलं की मुलांच्या वस्तू हलक्याच असतात. मूल वाढतं, दोन-तीन वर्षांत सायकल लहान पडते, म्हणून बेत ती तेवढ्याच काळापुरती करतो. शिवाय जड सायकल लहान पायांना ओढवत नाही.

"एवढंच कारण ना?" मल्हारने विचारलं.

तिला वाटत होतं, एवढंच. पण तिने मैनाचा अंदाज पाहिलेला नव्हता. पाहिला असता तर जे दिसलं असतं त्यावर आता तिचाच विश्वास नव्हता. आणि विश्वास नाही म्हणून भीती गेली होती असंही नाही. ती "हो" म्हणाली. मल्हारने तिच्याकडे तसंच पाहिलं, जसं तो मागे नऊ वर्षं पाहत आला होता. मग त्याने सायकल भिंतीला टेकवून ठेवली.

पुढच्या रविवारी ती सायकल तिथे नव्हती. मल्हारने जुन्या बाजारातून दुसरी आणली होती, बेताआधीची, लोखंडी, मोठ्या माणसाची. तिचं सीट खाली आणूनही मैनाचे पाय जेमतेम पुरत होते. मैनाने एकदाही कुरकुर केली नाही. बाबांना हीच आवडते, हे तिने ओळखलं होतं.

तिघं टेंबलाईच्या टेकडीच्या रस्त्याला गेले. सपाटीवर मल्हारने सीटला धरून तिला चालवत नेलं, पण चढ लागल्यावर पेडल फिरेना. मैना उतरली आणि हँडल दोन्ही हातांनी धरून सायकल ढकलायला लागली. तिचे खांदे पुढे झुकले होते, मानेवर घाम आला होता. बाजूने दुसरी मुलंही चालली होती. त्यांच्याही हातात तशाच काळ्या, जड, त्यांच्याएवढ्या उंच सायकली होत्या, आणि त्यांच्यामागून त्यांचे आईबाप चालले होते. चढावर एकही मूल सायकलवर बसलेलं नव्हतं.

"मावशी, दमले मी," मैना म्हणाली.

शरयूने मल्हारकडे पाहिलं. तो समोर पाहत होता. तिने पुढे होऊन कॅरिअरला हात लावला आणि ढकलायला सुरुवात केली.